सोमवारी मावशी मान हलवायची

रोज संध्याकाळी बारचं शटर वर गेलं की मावशी मांडणीवरून एक ग्लास उचलायची, त्याच्या काठावर चमचा हलकेच वाजवायची आणि ग्लास डाव्या कानाशी धरायची. डोळे मिटायची. मग ग्लास जागेवर, चमचा खणात, आणि धंदा सुरू.

या सवयीचा ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे अर्थ लावला होता. आमच्या म्हाताऱ्या वेटरच्या मते ती ग्लासला तडा गेलाय का ते बघायची. तिच्या धाकट्या दिराच्या मते कामाला हात लावायच्या आधीचा हा वेळकाढूपणा होता. आणि सोमवारी बारमध्ये कविता वाचायला येणाऱ्या मंडळींच्या मते मावशी त्या संध्याकाळचा सूर लावून घ्यायची. हे शेवटचं मत एकदा छापूनही आलं होतं, त्यामुळे ते खोडून काढणं कुणालाच शक्य राहिलं नव्हतं.

खरं काय ते मला अपघाताने कळलं. मी तेव्हा साहित्यात एम.ए. करत होते आणि बारच्या वरच्या मजल्यावर मावशीकडे राहत होते. संध्याकाळी ग्लास पुसायचे आणि लिंबं कापायची, एवढंच माझ्याकडे काम होतं. एके दिवशी पुसता पुसता मीच तिच्या हातात एक ग्लास दिला. तिने चमचा वाजवला. टिंग व्हायच्या ऐवजी ठक्क असा मेलेला आवाज आला. ग्लासला तळापासून काठापर्यंत केसाएवढी चीर होती. मावशीने तो कानाशी धरला, डोळे मिटले, समाधानाने मान हलवली आणि चांगल्या ग्लासांच्या रांगेत ठेवून दिला.

मी बघतच राहिले. तिने माझा चेहरा बघितला.

"कळलं ना?" ती म्हणाली. "आता विसरून जा. आणि माझ्याशी बोलताना केस तोंडावर घेऊ नकोस. ओठ दिसत नाहीत."

म्हणजे ती ग्लास तपासत नव्हती, कान तपासत होती. उजवा केव्हाच गेला होता. डाव्यात काही दिवसांपूर्वीपर्यंत ग्लासचा आवाज यायचा, खूप लांबून, दुसऱ्या कुणाच्या घरात वाजल्यासारखा. मग तोही यायचा थांबला.

"मग आता रोज कशाला वाजवतेस?"

"नाही वाजवला तर लोक विचारतील, आज का नाही वाजवला. आणि ते विचारलेलं मला ऐकू येणार नाही."

हे लपवण्याचं कारण साधं होतं. बार मावशीच्या सासऱ्यांनी काढलेला. मावशीचे यजमान अचानक गेले तेव्हा घरात बैठक बसली. सासऱ्यांचे भाऊ, ज्यांना सगळे थोरले आजोबा म्हणायचे, त्यांनी निकाल दिला: हिला जमतंय तोवर काउंटर हिचा, जमेनासं झालं की धाकट्याचा. मग हिने आराम करावा. आराम हा शब्द त्या बैठकीत सगळ्यांनीच फार मायेने वापरला म्हणे. मावशीची नणंद तसाच आराम करत होती, भावाच्या घरात, मागच्या खोलीत, दिवसभर वाटाणे सोलत. मावशीचं वाटाण्यांशी काही वाकडं नव्हतं. तिला काउंटर हवा होता. त्या उंच स्टुलावर बसून तिने नवऱ्याच्या माघारी आयुष्य परत उभं केलं होतं, आणि कान गेले एवढ्या कारणासाठी ती तिथून उतरणार नव्हती.

धाकटा म्हणजे तिचा दीर. मावशी त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच भाऊजी म्हणायचो. भाऊजींचं फरशांचं दुकान होतं. दुकानाच्या दारातच फरशी कापायचं मशीन दिवसभर किंचाळायचं आणि त्याच्यावर आवाज चढवून भाव सांगता सांगता भाऊजींना सबंध चेहऱ्याने बोलायची सवय लागली होती. ते 'पाणी' म्हणाले तरी भुवया, गाल, हनुवटी सगळी कामाला लागायची. बोलताना समोरच्याला त्यांची पडजीभ दिसायची. मावशीला जगात सगळ्यात सोपं कुणाचं बोलणं जात असेल तर ते भाऊजींचं. "भाऊजी बोलले की भिंतीलाही समजतं," ती म्हणायची. त्यामुळे समोरासमोर त्यांना कधीही संशय आला नाही.

बाकीच्यांसाठी तिच्याकडे आरसा होता. काउंटरच्या मागे, बाटल्यांच्या वर, भिंतभर लांब आरसा. पेला भरताना पाठ वळली तरी गिऱ्हाइकाचं तोंड आरशात दिसायचं. नेहमीची माणसं नेहमीचंच मागायची, त्यामुळे निम्मं काम सवयीवर व्हायचं. पण नवा माणूस आला, मिशा ओठांवर आल्या असल्या, कुणी तोंडावर हात ठेवून बोललं, की तिची तारांबळ उडायची. दिवस संपला की डोळे लाल व्हायचे. वेटरला वाटायचं, धुराने होतात.

अशा वेळी तिच्या मदतीला मराठी कविता धावून आली. कवितेने एखाद्या माणसाचं प्रत्यक्ष भलं केल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण आहे, म्हणून जरा तपशिलाने सांगते.

झालं असं, की कवींची एक मंडळी होती. तिला वाचनालयाने हाकललं होतं. कारण 'आवाज' असं लिहून दिलं होतं, म्हणजे वाचनालयात वाचन करणं बसत नव्हतं. मंडळीचे संयोजक सर कॉलेजात शिकवायचे, गळ्यात मफलर घालायचे आणि कुठल्याही वाक्याची सुरुवात 'एका अर्थाने' अशी करायचे. ते मावशीकडे आले. सोमवारी बार ओसच असतो, तेवढी संध्याकाळ आम्हाला द्या म्हणाले.

"एका अर्थाने हा तुमच्या काउंटरचाही सन्मान होईल."

"त्या दिवशी लोक बोलतील का?" मावशीने विचारलं.

"छे! कविता चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा आमचा दंडकच आहे."

"काउंटरवरसुद्धा नाही?"

सरांनी एवढा पुढचा विचार केला नव्हता. पण काउंटरवर बसलेली बाई कवितेच्या बाबतीत आपल्यापेक्षा कडक निघावी हे त्यांना जिव्हारी लागलं. "काउंटरवरसुद्धा नाही," ते ठामपणे म्हणाले.

मग मावशीने खुणा ठरवल्या. एक बोट वर केलं की बिअर. मूठ दाखवली की सोडा. तळहात आडवा हलवला की साधं पाणी, आणि ही खूण कवींमध्ये सर्वाधिक लोकप्रिय होती. अंगठा आणि करंगळी एकत्र म्हणजे शेंगदाणे. सोमवारी बारमध्ये कुणी तोंडाने मागितलं तर मावशी ओठांवर बोट ठेवून कवींसाठी मांडलेल्या छोट्या स्टेजकडे दाखवायची आणि तो माणूस लाजेने अर्धा व्हायचा.

मंडळी या प्रकारावर फिदा झाली. अशी शिस्त त्यांनी कुठे पाहिली नव्हती. टाळ्यांनी शांतता मोडते म्हणून ते टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवू लागले. सरांनी 'मौनाचा काउंटर' नावाचा लेख लिहिला आणि त्यात मावशीला 'आपल्या काळातील शेवटची रसिक' म्हटलं. लेख चौकटीत छापून आला. मावशीने तो फ्रीजच्या दारावर चिकटवला, कारण तिथला रंग उडाला होता.

हळूहळू खुणा मंगळवारच्या गिऱ्हाइकांनीही उचलल्या. तोंड उघडण्यापेक्षा बोट वर करणं सोपं, आणि त्यात जरा रुबाबही होता. वर्ष संपायच्या आत सगळा आठवडा मुका झाला. मावशीचे डोळे निवळले. भाऊजी अधूनमधून हिशेब बघायला यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हा बार आहे की दवाखाना? कुणी बोलत का नाही?"

"कवितेचे संस्कार," मावशी म्हणायची.

आता मान हलवण्याबद्दल. मावशी सोमवारी स्टुलावर बसून कवीकडे टक लावून बघायची. बघणं तिला भागच होतं, कुठून बोट वर होईल ते सांगता येत नाही. पण स्टेज आणि काउंटर समोरासमोर होते, त्यामुळे कवीला वाटायचं, बाई माझ्याकडेच बघतेय. कवी एक कडवं संपवायचा, डोळे वर करायचा आणि थांबायचा. सुरुवातीला मावशीला कळेना, हा का थांबलाय. काही हवंय का? मग तिने सहज मान हलवली. कवीचा चेहरा एवढा उजळला की तिला नियम सापडला: डोळे वर झाले की मान हलवायची. ते ओठ वाचण्यापेक्षा फार सोपं होतं. कवींचे ओठ तर दिसायचेच नाहीत. ते माइक तोंडात धरल्यासारखा धरायचे.

त्या मानेला पुढे भलताच भाव आला. मावशीने मान हलवली की कविता पक्की, नाही हलवली की घरी जाऊन दुरुस्ती. एकजण दोन शब्दांच्या मध्ये इतका थांबायचा की आम्ही त्याचं नावच 'पॉझ' ठेवलं होतं. 'मी', मग लांबलचक शांतता, मग 'एक', पुन्हा शांतता, मग 'खिडकी'. प्रत्येक शांततेत तो डोळे वर करायचा, मावशी प्रत्येक वेळी मान हलवायची. त्यामुळे आपण मावशीचे लाडके कवी आहोत असा त्याचा समज झाला आणि त्याने थांबे आणखी वाढवले. उलट एक गुणी मुलगा मोबाइलवरून मान वर न करता वाचायचा. त्याला कधीच दाद मिळाली नाही. त्याने कविता सोडली आणि बुटांचं दुकान काढलं. ते उत्तम चालतं.

मी मावशीला एकदा विचारलं, "तुला वाईट नाही वाटत? एवढे जीव तोडून वाचतात, आणि तुझ्यापर्यंत काही पोचत नाही."

ती लिंबं पुसत होती. "त्यांना मी ऐकायला हवीय की मान हलवायला?"

आमच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता.

संकट आलं ते काही वर्षांनी, माझं एम.ए. संपूनही मी वरच राहत असताना, एका ट्रेच्या रूपाने. एका दुपारी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मावशी त्यांच्याकडे पाठ करून, आरशापासून लांब, कोपऱ्यातल्या फळीवर बाटल्या लावत होती. वेटरच्या हातून ट्रे निसटला. सगळे ग्लास एकदम फुटले. भाऊजी दचकून भिंतीला चिकटले, मी वरून जिना उतरत धावले, रस्त्यावरून जाणारा माणूस दारात डोकावला. मावशीने शांतपणे पुढची बाटली फळीवर ठेवली आणि तिचं लेबल समोर केलं.

निघताना भाऊजींनी मावशीच्या मागे जाऊन हळूच म्हटलं, "वहिनी, चोर." मग जरा मोठ्याने, "वहिनी, आग." मावशी झाडू शोधत होती.

त्या आठवड्यात भाऊजी दोनदा येऊन खोलीची मापं घेऊन गेले. स्टेजच्या भिंतीवर मोठा पडदा, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर, लोक गाणी म्हणतील, मॅच बघतील. "धंदा वाढेल," ते म्हणाले. "आणि तुम्हीही आता आराम करा, वहिनी."

मावशीने मला त्या रात्री एवढंच विचारलं, "वाटाणे वर्षभर मिळतात का गं?"

पुढच्या सोमवारी भाऊजी थोरल्या आजोबांना हाताला धरून घेऊन आले. त्यांना पहिल्या रांगेत, स्टेजच्या अगदी पुढ्यात बसवलं, हातात मोसंबीचा रस दिला. मग संयोजक सरांना म्हणाले, "मलाही वाचायचंय."

सर हुरळून गेले. फरश्या विकणारा माणूस कवितेकडे वळतोय म्हणजे चळवळ तळागाळापर्यंत पोचली, असं त्यांना वाटलं. "एका अर्थाने आम्ही तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले आणि भाऊजींचं नाव पॉझच्या आधी टाकलं.

काय होणार हे मला दिसत होतं. मावशी सगळ्यांना हलवते तशी भाऊजींनाही मान हलवणार. ते थोरल्या आजोबांदेखत काहीतरी विचारणार, तिला ते माइकमागून कळणार नाही, आणि काउंटर गेला. मी तिच्याजवळ जाऊन कुजबुजले, म्हणजे नुसते ओठ हलवले, "मान हलवू नकोस." तिने माझ्याकडे बघितलं. एकाने मूठ दाखवली होती, त्याला सोडा दिला.

भाऊजी स्टेजवर चढले. दिवा त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी आयुष्यात माइक धरला नव्हता. त्यांनी तो पळीसारखा पोटाशी धरला आणि फरशीच्या दुकानात बोलतात तसे, सबंध चेहऱ्याने, बोलू लागले.

"मी कवी नाही."

"वा," कुणीतरी म्हणालं. सगळे कवी सुरुवात अशीच करतात.

"मला जे सांगायचंय ते सरळ सांगतो. माझी वहिनी बहिरी आहे."

एक चुटकी वाजली.

"तिला काही ऐकू येत नाही. इतकी वर्षं तुम्ही एका बहिऱ्या बाईला कविता ऐकवताय."

आणखी चुटक्या. कोपऱ्यातून एक हुंकार आला. भाऊजींचा अंदाज होता की इथे खळबळ उडेल. ते गोंधळले, आवाज चढवला.

"अहो, खरंच सांगतोय! तिला काहीही सांगा, ती मान हलवते. मी म्हणेन, दुकान विकलं. ती मान हलवेल. मी म्हणेन, छप्पर पडलं. ती मान हलवेल."

"ती मान हलवेल," मागच्या टेबलावरचे दोघे पुटपुटले.

"मी म्हणेन, उतर त्या स्टुलावरून, ते माझं आहे!"

"ती मान हलवेल," आता सगळी खोली म्हणाली. धृपद सापडलं की मंडळी कुणाचं ऐकत नाहीत.

भाऊजींनी घाम पुसला. त्यांनी मावशीकडे बघितलं, डोळे वर केले आणि थांबले.

याच जागी ती वर्षानुवर्षं मान हलवत आली होती. सगळी डोकी काउंटरकडे वळली. पॉझसुद्धा श्वास रोखून होता. थोरल्या आजोबांनी खुर्ची सरकवली आणि वळून सुनेकडे बघितलं. मी हातातलं फडकं पिळत होते.

मावशीची मान हलली नाही. ती भाऊजींच्या तोंडाकडे बघत होती. माइकचा अडसर नसलेलं, दिव्याखालचं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उघडलेलं तोंड. तिने हातातला ग्लास खाली ठेवला.

"भाऊजी," ती म्हणाली, "माइक जरा तोंडाजवळ धरा. मागच्यांना ऐकू येत नाहीये. आणि स्टूल तुमचं असेल, पण छपराचं असं अभद्र बोलू नका. त्याच्यावर मी झोपते."

मग जे झालं ते त्या बारमध्ये पूर्वी कधी झालं नव्हतं. लोक चुटक्या विसरले आणि टाळ्या वाजवू लागले. खरोखरीच्या, दोन्ही हातांच्या. पॉझ न थांबता "वा वा वा" म्हणाला. संयोजक सर उठून उभे राहिले, मफलर सावरला आणि म्हणाले, "एका अर्थाने हा बहिरेपणा आपला सगळ्यांचा आहे. कवी समाजाला वहिनी म्हणतो, ही केवढी आर्त जवळीक आहे! आणि मावशींचा हस्तक्षेप तर कवितेचाच शेवटचा चरण ठरला."

"अहो, समाज कसला, ही वहिनी! ही समोरची!" भाऊजी ओरडले.

"बघा, अजूनही भूमिकेतून बाहेर आलेले नाहीत," सर हळव्या आवाजात म्हणाले.

भाऊजी थोरल्या आजोबांकडे वळले. "आजोबा, तुम्ही तरी..."

"काय तुम्ही तरी?" आजोबा रसाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाले. "तिला सगळं ऐकू आलं की. मलाच तुझं निम्मं ऐकू आलं नाही, आणि मी पुढ्यात बसलो होतो. ती म्हणते ते बरोबर आहे, माइक तोंडाशी धरायचा असतो."

अशा रीतीने निकाल लागला. काउंटर मावशीचा राहिला.

नंतर भाऊजी स्टेजवरून उतरले तेव्हा लोक त्यांच्याभोवती जमले होते. एकीने हात हातात घेऊन सांगितलं, की मी रडले. एकाने विचारलं, आधी कुठे छापून आलंय का? भाऊजींच्या आयुष्यात टाळ्या हा प्रकार नव्हता. फरशी बसवून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही, फार तर कुठे ती उंचसखल बसलीय ते दाखवतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग मी डोळ्यांदेखत विरघळताना पाहिला. आधी ते 'तसं नाही हो' म्हणाले. मग 'तसंच काही नाही' म्हणाले. मग विचारलं, "खरंच रडलात?"

त्या बारमध्ये सत्य शोधून काढणारा एकच माणूस निघाला होता. त्याला दाद मिळाली आणि त्याने तो विषय सोडला.

पुढच्या सोमवारी भाऊजी सगळ्यांच्या आधी हजर. खिशात घडी घातलेला कागद. पडद्याचा आणि स्पीकरचा विषय निघालाच नाही, कारण पडदा लागला असता तर स्टेज गेलं असतं. फरशांवर त्यांनी एक दीर्घ कविता लिहिली, तिचे भाग पाडले, भागांचे उपभाग पाडले. वहिनींनी चारचौघांत केलेली सूचना मात्र त्यांनी कायमची मनावर घेतली. ते माइक इतका तोंडाशी धरू लागले की नाकाखाली काही दिसायचंच नाही. त्यामुळे मावशीला त्यांच्या पुढच्या कवितांमधलं एक अक्षर कळलं नाही. स्वतः सुचवलेल्या सुधारणेचा एवढा फायदा फार थोड्या समीक्षकांना मिळतो.

भाऊजींनी डोळे वर केले की ती मान हलवायची. आणि भाऊजी, ज्यांनी ती मान खोटी आहे हे भर सभेत ओरडून सांगितलं होतं, ते त्या मानेसाठी आठवडाभर जागायचे.

भाऊजींनी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री सगळे गेल्यावर मी तिला विचारलं होतं, "घाबरली होतीस?"

"घाबरले होते तर." ती टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवत होती. "पण बरं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कविता कळली."

"कशी होती?"

तिने जरा विचार केला. "मोठी होती."

पुढे मी हट्टाने तिला कानाचं मशीन आणून दिलं. लहान, कानामागे लपणारं. एका सोमवारी तिने ते लावलं, पदर नीट घेतला आणि स्टुलावर बसली. पॉझची एक कविता झाली. मग भाऊजींच्या फरशांचा चौथा भाग झाला. मावशीने मशीन काढलं, रुमालाने पुसलं आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिलं. मी जाऊन विचारलं, "काय झालं? ऐकू येत नाही का?"

"येतं की," ती म्हणाली. "चांगलं आहे मशीन."

ते शेवटपर्यंत त्याच खणात होतं. मात्र संध्याकाळी शटर वर गेलं आणि बारमध्ये आम्ही दोघीच असलो, की ती कधीकधी ते कानात घालायची, ग्लासवर चमचा वाजवायची आणि डोळे मिटून बराच वेळ बसायची. मग काढून ठेवायची.

ती गेली ती झोपेत, एका मंगळवारी पहाटे. आदल्या संध्याकाळी ती स्टुलावरच होती. मी तेव्हा नोकरीला लागले होते, पण सोमवार चुकवत नव्हते. बार भरला होता. भाऊजी स्टेजवर होते, केस विरळ, गळ्यात सरांसारखाच मफलर, माइक ओठांना टेकलेला. कविता बरीच लांबली. मध्ये त्यांनी डोळे वर केले, मावशीने मान हलवली, ते सुखावून पुढे गेले. शेवटी टाळ्या झाल्या. त्या तिला दिसल्या. भाऊजी दमून खुर्चीत बसले.

मावशीने मांडणीवरून एक ग्लास घेतला, पाण्याने भरला आणि माझ्याकडे सरकवला.

"भाऊजींना नेऊन दे गं," ती म्हणाली. "केव्हाचं तोंड हलवतायत."